शाळांना उसनी द्यायची ‘खाडीची पेटी’: नियम काय ठेवू?

कळव्याच्या बाई
मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. शाळेच्या गच्चीवरून ठाण्याची खाडी दिसते. दोन वर्षांपूर्वी वर्गात विचारलं, खाडीत काय असतं? पहिलं उत्तर आलं, “कचरा.” दुसरं, “फ्लेमिंगो, पण ते ऐरोलीला.” निवटी, म्हणजे चिखलावर उड्या मारणारा मासा, कुणालाच माहीत नव्हती. फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी पेटी भरायला घेतली.

आता तिच्यात भिंगं आहेत, मिठागरातलं जाडं मीठ, एक जुना पाग (फेकून मासे धरायचं जाळं) आणि फोटो आहेत. तिवर हे खाडीकाठचं खारफुटीचं झाड; त्याचं पान भिंगाखाली धरलं की त्यावर मिठाचे कण दिसतात. खारं पाणी पिऊन झाड जादाचं मीठ पानातून बाहेर टाकतं. कांदळ हे दुसरं खारफुटीचं झाड. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, म्हणून खाली पडलेले लांबट अंकुर दरवेळी ताजे आणते, तोडत नाही. मुलांना सगळ्यात आवडतो तो झारा आणि चहाची गाळणी. बादलीत रवा आणि वाटाणे कालवायचे. झाऱ्यात वाटाणे राहतात, रवा निसटतो. गाळणीत रवाही अडकतो. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. मोठ्या रोहिताची चोच झाऱ्यासारखी, तो कोलंबी, गोगलगायी असलं जरा मोठं खाणं टिपतो. लहान रोहिताची गाळणीसारखी, तो बारीक शेवाळ गाळतो. एकाच चिखलावर दोघांचं कसं भागतं, हे मग सांगावं लागत नाही.

आता तीन शाळांनी पेटी मागितली आहे. याआधी एका शाळेला दिली होती, ती दीड महिन्यानं परत आली. पाग ओलाच कोंबलेला, सगळ्या फोटोंना बुरशी. तरीही द्यायची आहेच. किती दिवस द्यावी? अनामत घ्यावी का? आणि मुलं शंख, पिसं आणून देतात, ती ठेवू का?

नेरूळचा ग्रंथपाल
बाई, अनामत नको. पालिकेच्या शाळेतल्या शिक्षकाला ती खिशातून भरावी लागते, मग तो मागतच नाही. पंधरा दिवस पुरेत. झाकणाच्या आतून भरलेल्या पेटीचा फोटो चिकटवा, प्रत्येक वस्तूला नंबर द्या. परत करणाऱ्याला यादी वाचायला वेळ नसतो, फोटो मात्र तो बघतो. एका शाळेतून परस्पर दुसऱ्या शाळेत पेटी जाऊ देऊ नका. मधे एकदा तुमच्या हाताखालून गेलीच पाहिजे. फोटो लॅमिनेट करा.

चेंदणी कोळीवाडा
बाई, पाग सावलीत वाळवायचा. उन्हानं नायलॉन कुजतं. आणि त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतील तर काढून लोखंडी वायसर ओवा, पोरं हात तोंडात घालतात.

एक गोष्ट पेटीत नाही ती टाका: भरतीचं गणित. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, मग साधारण सहा तासांनी ओहोटी. आमच्या आजीला घड्याळ कळत नव्हतं, पण हे तोंडपाठ. खाडीत आत पाणी पोचायला समुद्रापेक्षा उशीर लागतो, तो किती हे पोरांना कळव्याच्या पुलाजवळ उभं राहून मोजू द्या. उधाण आणि भांग हे शब्दही शिकवा. मोठी भरती-ओहोटी म्हणजे उधाण, ते अमावास्या-पौर्णिमेला. अष्टमीच्या आसपास पाणी कमी हलतं, तो भांग.

ऐरोली, पक्षीवाला
शंखांबद्दल जपून. प्रवाळ, समुद्रपंखा आणि काही शंख-शिंपले 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत. ओळख पटली नसेल तर ठेवूच नका. पिसंही नकोत. शाडूचे नमुने मुलांकडूनच करून घ्या. ते फुटले तरी दुःख नाही.

चिप्पीचा फोटो आहे का? पांढरी चिप्पी 2020 पासून आपला राज्य कांदळवृक्ष, म्हणजे राज्याचं खारफुटीचं झाड आहे. तिचं फूल रात्री उमलतं आणि वटवाघळं त्यावर येतात. खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 चं, 2022 मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. ही सालं एका कार्डावर पुरतात. त्यापेक्षा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मुलांना एकदा आणा.

कळव्याच्या बाई
मनापासून आभार. अनामत रद्द. तिच्याऐवजी प्रत्येक शाळेनं पेटीतल्या वहीत एक पान लिहायचं: आपल्या घरात खाडीचं कोण काय जाणतं. आमच्या वर्गातलं पान मी लावून ठेवलंय. एका मुलीचे पणजोबा मिठागरात राबायचे, हे तिला त्या दिवशी घरी विचारल्यावर कळलं.

शंखांचा डबा आजच बाहेर काढला. चेंदणीकर दादा, येत्या अष्टमीला मुलांना पुलाजवळ नेते. सहाच्या आधी अर्धा तास पोचलो तर चालेल ना? तुमच्या घरातलं कुणी जाणतं माणूस सोबत येईल का?

चेंदणी कोळीवाडा
अर्धा तास कमी पडेल, पाच वाजता या. आईला घेऊन येतो.