गोष्टीतील घटनाक्रम : तिसरीच्या मुलांसाठी मदत हवी आहे

खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी दुसरी-तिसरीचे जोडवर्ग घेते. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीची चित्रे तिसरीची मुले दोरीवर अचूक क्रमाने लावतात. परंतु ‘शेतावर जाण्यापूर्वी आजीने भाकऱ्या थापल्या’ असे वाक्य आले, की आजी आधी शेतावर जाते आणि मग भाकऱ्या थापते, असेच बहुतेक जण सांगतात. जे आधी वाचले, तेच आधी घडले, अशी त्यांची समजूत दिसते. घरची भाषा मराठीच आहे आणि वाचनही अडखळत नाही. ‘पूर्वी’, ‘नंतर’ हे शब्द अधोरेखित करून घेतले, वाक्यांच्या पट्ट्या कापून लावायला दिल्या, प्रसंगाचा अभिनयही करून घेतला. अभिनयात क्रम बरोबर येतो (आजी होण्यासाठी भांडणेही होतात), वहीत मात्र पुन्हा तीच चूक. प्रोजेक्टर नाही, तिसरीसाठी जेमतेम वीस मिनिटे मिळतात. अभिनयातून आलेली ही समज लेखी वाक्यापर्यंत नेणारा, खडू-फळ्यावर करता येईल असा कोणता सराव आपण घेतला आहे, आणि तो सुट्या वाक्यांपासून सुरू करावा की पूर्ण गोष्टीपासून?