ठसे येईपर्यंत बसवून ठेवायचं?

‘निर्दोष असेल तर बोटांच्या ठशांचा निकाल येईपर्यंत पोलीस ठाण्यात थांबायला काय हरकत’ हे मत मला अजिबात पटत नाही. इथे इंदूरला, रामबागेत आमच्या शेजारच्या मुलाला फरार आरोपीशी नाव जुळतं म्हणून नेलं आणि ठशांचं उत्तर येईना म्हणून रात्रभर बसवून ठेवलं. अटकेची नोंदसुद्धा नाही! राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, पण नोंदच नसेल तर ते तास मोजायचे कुठून?

यंत्रणा नाही असंही नाही. ‘नाफिस’ या बोटांच्या ठशांच्या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीच्या मदतीने मृताची ओळख पटवणारं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेशच, एप्रिल २०२२ मध्ये. मात्र संगणक फक्त संभाव्य जुळण्या दाखवतो, खात्री तज्ज्ञच करतो. तिथे घाई नकोच. स्पेनमधल्या माद्रिद स्फोटानंतर २००४ मध्ये एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने ठशांच्या चुकीच्या जुळणीवरून एका अमेरिकन वकिलाला दोन आठवडे डांबलं होतं. तज्ज्ञाला हवा तेवढा वेळ द्या, पण तोवर पत्ता, ओळखपत्र, शेजारीपाजारी तपासून माणसाला घरी जाऊ द्या.

आणि कुणाला नेलंच, तर घरच्यांनी अटकेचा मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद, मागावा. त्यावर वेळ, तारीख आणि साक्षीदाराची सही हवी.