पगारवाढीचा करार सहीला आलाय, युनियनची कमिटी ड्राफ्ट दाखवेना

उद्यमबाग_फिटर
फाउंड्रीतला तीन वर्षांचा करार संपून नऊ महिने झाले. परवा गेट मीटिंगला "सहा हजार मिळवले!" म्हणून घोषणा झाल्या, गुलाल तेवढा राहिला. कशावर सहा हजार, कधीपासून, विचारलं की "आमच्यावर विश्वास नाही काय?" ड्राफ्ट इंग्रजीत, फोटोसुद्धा काढू देईनात. पोरं म्हणालेत सगळ्यांनी एकदम रजा टाकूया. कोल्हापूरकडच्या शिरोलीचे पाव्हणे सांगतात, कोर्टातून युनियनची मान्यता काढा. इथं बेळगावात हे चालतं काय ओ? सहीच्या आधी नेमकं काय मागायचं?

पगारपत्रक
आधी टप्पे विचारा. वाढ ५०-२५-२५ टक्क्यांनी असेल तर पहिल्या वर्षी ३,०००, दुसऱ्या वर्षी ४,५००, तिसऱ्या वर्षी ६,०००. ३६ महिन्यांत हातात १,६२,०००. पहिल्या महिन्यापासून सहा मिळाले असते तर २,१६,०००. ५४,००० घोषणेतच विरघळले.

मग बेसिक-डीएत किती आणि अलाउन्समध्ये किती? सगळे बेसिकमध्ये आले तर वीस वर्षं झालेल्याच्या ग्रॅच्युइटीत ६,००० × १५ ÷ २६ × २० म्हणजे सुमारे ६९,२०० ची भर पडते. घरभाडं, कन्व्हेयन्समध्ये टाकले तर ही भर मिळेलच असं नाही. नव्या वेज कोडप्रमाणे असले भत्ते एकूण पगाराच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरची रक्कम वेतनात धरतात, पण ५० च्या आत मॅनेजमेंटला खेळायला मैदान मोकळंच आहे.

महिना पगार २१,००० च्या काठावर असलेल्यांचं ईएसआय (सरकारी आरोग्य विमा) सुटेल. लगेच नाही, चालू सहामाही (एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च) संपल्यावर. कापले जाणारे ०.७५ टक्के वाचले म्हणून खूश होऊ नका, त्यांच्यासाठी मेडिक्लेम करारातच लिहून घ्या.

खरी मेख उत्पादनाच्या अटीत असते. "शिफ्टला इतके मोल्ड (वाळूचे साचे)" एवढंच लिहिलं तर करंट गेला, कोअर (साच्यात बसवायचे गाभे) आले नाहीत, फर्नेस बसली, तरी आकडा तुमच्या डोक्यावर. मशीन बंद असलेला वेळ वजा करायचा असं वाक्य हवं आणि लॉगबुकवर सुपरवायझरबरोबर कामगाराचीही सही हवी. रिजेक्शनचंही तसंच. वाळूत ओल जास्त राहून ब्लो होल (ओतकामात वायूची भोकं) आले तर ते मोल्डरच्या खात्यावर का? कारणाप्रमाणे वाटणी लिहून घ्या.

एरियर्स_कुठंय
लागू होण्याची तारीख बघा. सहीच्या दिवसापासून धरली तर नऊ महिने × ३,००० = २७,००० गेले. जुना करार संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हवी. मधल्या काळात रिटायर झालेल्यांचा उल्लेख नावानिशी नसला तरी कलमात पाहिजेच.

बारा_तीन
शिरोलीचा सल्ला सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या पलीकडंच ठेवा. मान्यतेचा तो १९७१ चा कायदा महाराष्ट्राचा, इकडं लागू नाही. आपल्याकडं २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता आहे. त्यात ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकदम रजा टाकली तर तो संपच. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते, आणि लेबर ऑफिसात समेटाची बोलणी चालू असताना तर संप करताच येत नाही. म्हणजे रजा टाकून मॅनेजमेंटच्या हातात कोलीत द्याल.

युनियनची घटना काढा. विशेष सर्वसाधारण सभेला किती सह्या लागतात ते त्यात असतं. त्याहून दहा-पंधरा जास्त घ्या, कारण ऐनवेळी काही जण मागं सरकतात आणि वर्गणी थकलेल्यांच्या सह्या बाद होतात. अर्जात तीनच मागण्या: ड्राफ्ट परिशिष्टांसह मराठीत आणि कन्नडमध्ये वाचून दाखवा, गुप्त मतदान घ्या, तोवर सही नको. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका.

घाई याच्यासाठी की समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार (ज्याला आपण जुन्या कायद्यातल्या कलमावरून अजून 'बारा-तीन' म्हणतो) सभासद नसलेल्यांवरही बंधनकारक असतो. नंतर शंभर जणांनी "मान्य नाही" लिहून दिलं तरी तो उभाच. 'अठरा-एक', म्हणजे बाहेर परस्पर केलेला, फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. म्हणून सभेच्या अर्जाची एक प्रत त्या अधिकाऱ्याला आधीच द्या, कन्नडमध्ये.

उद्यमबाग_फिटर
घटनेची प्रत कमिटीच्या कपाटात, आणि किल्ली कुणाकडं ते तुम्हाला कळलंच असेल.

बारा_तीन
ट्रेड युनियन रजिस्ट्रारकडं नोंदलेली प्रत असते. माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. जुन्या कराराची प्रत हवी असेल तर लेबर ऑफिसला वेगळा अर्ज करा, त्याच अर्जात घुसडू नका.