मदत हवी आहे: मेटफॉर्मिन ‘एसआर’ गोळी तोडून दिली तर चालते का?

आम्ही इंदूरला राहतो. सासूबाईंना (वय 72) मधुमेहासाठी रात्रीच्या जेवणासोबत मेटफॉर्मिन एसआर 1000 आहे. गोळी मोठी, घशात अडकते. दवा बाजारात एका दुकानात विचारलं, तर म्हणाले ‘तोडून द्या’. एसआर म्हणजे नेमकं काय? आणि कधी कधी शौचात गोळीसारखं पांढरं काहीतरी दिसतं, म्हणजे औषध अंगी लागत नाही का?

प्रतिसाद 1
तोडू नका, कुटून तर मुळीच देऊ नका. एसआर म्हणजे सस्टेन्ड रिलीज, औषध काही तास हळूहळू सुटतं. गोळीत फुगणारा पदार्थ मिसळलेला असतो. पोटात ओली झाली की तिच्यावर बुळबुळीत थर चढतो आणि औषध त्यातून झिरपत राहतं. कुटल्यावर तो थर धरतच नाही. सगळे 1000 मि.ग्रॅ. एकदम सुटून मळमळ, जुलाब होतात, आणि पहाटेपर्यंत पुरायचं औषध आधीच ओसरतं.
शौचात दिसतो तो रिकामा सांगाडा. औषध शोषलेलं असतं, काळजी नको.
डॉक्टरांना विचारून साधी 500 ची गोळी दोन वेळा जेवणासोबत देता येईल, ती तोडलेली चालते. मात्र बदल स्वतःहून नको. मात्रा किडनीच्या तपासणीवर ठरते, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा) 30 च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देतच नाहीत.

प्रतिसाद 2
एक्सआर, ईआर, पीआर हीसुद्धा त्याच जातीची अक्षरं. अपवाद आहेत: मेटोप्रोलॉल सक्सिनेट या बीपीच्या औषधाच्या मधे रेघ असलेल्या गोळ्या त्या रेघेवर अर्ध्या करता येतात, पण चावायच्या नाहीत. उलट बीपीचीच निफेडिपिन रिटार्ड (हीसुद्धा हळूहळू सुटणारी) कुटून दिली तर रक्तदाब धोकादायक खाली येऊ शकतो.

धागाकर्ती
आत्ता पाकीट नीट वाचलं. त्यावर ‘ग्लिमेपिराइड 1 मि.ग्रॅ.’ असंही आहे.

प्रतिसाद 1
बरं झालं पाहिलंत. मग ही जोडगोळी आहे, म्हणजे एकाच गोळीत साखरेची दोन औषधं. हिच्याऐवजी नुसती साधी मेटफॉर्मिन दिली तर ग्लिमेपिराइड बंद पडेल आणि साखर वाढेल. डॉक्टर दोन्ही वेगवेगळी लिहून देऊ शकतील. ग्लिमेपिराइडची गोळी लहानशी असते. ती घेऊन जेवण चुकवलं तर साखर उतरते, घाम आणि थरथर सुटते, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.
डॉक्टरांकडे अख्खं पाकीट न्या. दुकानात पट्टी कापून देतात तेव्हा ‘एसआर’ ही अक्षरं नेमकी दुकानात उरलेल्या तुकड्यावर राहून जातात, म्हणून नावाची बाजू मागून घ्या.