प्रतिसाद: विश्वासांतर एका बाजूला झुकलेलं का?

३० जणांच्या नमुन्यात सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचं माप, −१ ते १) ०.४५ आला आणि 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने ०.११ ते ०.७० असं ९५ टक्के विश्वासांतर (खरा सहसंबंध ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज) दिलं; ०.४५ पासून खाली ०.३४ आणि वर फक्त ०.२५, म्हणजे सॉफ्टवेअर चुकलं का, असा प्रश्न आलाय. नाही, बरोबर आहे. सहसंबंध १ च्या पलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे वरच्या बाजूला जागा कमी.

हातानेच करून बघा, मजा येते. एक्सेलमध्ये 'फिशर' हे फंक्शन (ते सहसंबंधाला १ ची मर्यादा नसलेल्या मापात बदलतं) ०.४५ ला लावलं की ०.४८५ मिळतं. या मापातली प्रमाणत्रुटी (अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते) म्हणजे १ भागिले (३० − ३) चं वर्गमूळ, ०.१९२. तिला १.९६ ने (९५ टक्क्यांसाठीचा गुणक) गुणून ०.४८५ मधून वजा-अधिक केलं की ०.१०८ आणि ०.८६२. ते 'फिशरइन्व्ह'ने उलट फिरवा, तेच आकडे हजर!

हे झालं नेहमीच्या, पिअरसनच्या सहसंबंधाचं. स्पिअरमनचं (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवरून काढलेला सहसंबंध) मात्र वेगळं. 'आर'मधलं 'कॉर डॉट टेस्ट' हे फंक्शन त्याचं विश्वासांतर देतच नाही. तिथे बोनेट-राइट या संशोधकांची (२०००) दुरुस्ती वापरा: वरच्याच रीतीत प्रमाणत्रुटीला (१ + गुणांकाच्या वर्गाचा निम्मा) च्या वर्गमूळाने गुणा. गुणांक ०.४५ च असेल तर ०.०९ ते ०.७१.

आणि कृपया अहवालात नुसतं 'मध्यम सहसंबंध' लिहू नका. ०.११ म्हणजे जेमतेम, ०.७० म्हणजे दणदणीत. ३० जणांवरून यातलं नेमकं कुठलं, ते ठरत नाही.