बाग आणि कॅमेरे पाहून बाबांचं केंद्र निवडलं, माझं चुकलं

वैशाली_त्रिमूर्तीनगर
परवा इथे एक पोस्ट फिरली, "नागपुरात आईवडिलांसाठी चांगलं केअर सेंटर कसं निवडाल". 10 मुद्दे: बाग आहे का, कॅमेरे आहेत का, आठवड्याचा मेनू भिंतीवर लावलाय का, जनरेटर आहे का, सणवार करतात का. खाली सगळे आभार मानताहेत. मला राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढते आहे. असेच मुद्दे वहीत लिहून मी तीन ठिकाणं पाहिली होती. ज्याला 10 पैकी 9 मिळाले, तिथेच माझ्या बाबांना बेडसोर झाला, एकाच कुशीवर पडून पडून होते ती जखम. केंद्राचं नाव विचारू नका, देणार नाही.

बाबांना लकवा. उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं तुटक. आम्ही दर रविवारी अकराला जायचो. चादर पांढरीशुभ्र, भांग पाडलेला, गळ्याला पावडर. सातव्या आठवड्यात मी ऑफिसातून परत येताना मंगळवारी रात्री साडेआठला न सांगता गेले. मे महिना. कूलर चालू, पण टाकीत पाणी नाही, नुसती गरम हवा. पाण्याचा पेला भरलेला होता, वर झाकणही होतं, पण उजवीकडच्या टेबलावर. ज्या हाताने त्यांना माशी हाकलता येत नाही, त्या बाजूला. ओठ सोललेले. कुशीवर केलं तर वास आला. माकडहाडावर रुपयाएवढा काळा चट्टा, भोवती लालभडक.

पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलण्याचा तक्ता टांगलेला होता, दर दोन तासांना एक रकाना. रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि पहाटे सहापर्यंतचे सगळे रकाने भरलेले होते. डावी, पाठ, उजवी, डावी. एकच पेन, एकच अक्षर.

म्हणून सांगते, माणसाचं शरीर बघा. टाचा, खुबे, माकडहाड. लाल झालेली जागा बोटाने दाबून पांढरी होत नसेल तर ती बेडसोरची सुरुवात आहे. जीभ बघा, नखं बघा. दाखल करतानाचं वजन लिहून घ्या आणि दर महिन्याला विचारा. तुम्हाला न सांगता झोपेची गोळी सुरू केलीय का, ते औषधांच्या कागदावर पाहा. रात्री दहानंतर किती पलंगांमागे किती माणसं असतात ते विचारा. बाबा त्या बागेत एकदाही गेले नाहीत.

मनोज_बेसा
ती पोस्ट माझी. तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण मुद्द्याचं बोलतो. दाखल करण्याआधी तुम्ही कोणाच्या टाचा बघणार? दुसऱ्याच्या वडिलांची चादर वर करून? कुठलंही केंद्र हे करू देणार नाही आणि देऊही नये. नव्या माणसाला पहिल्या भेटीत जे दिसतं त्याची यादी मी केली.

आणि कॅमेऱ्याला नावं ठेवू नका. माझी आई रात्री बाथरूमजवळ पडली. सकाळी पाचला फोन आला, "आत्ताच पडल्या." फुटेज मागितलं तेव्हा कळलं, दोन वाजल्यापासून ती फरशीवर होती. कॅमेरा नसता तर मला हे कधीच कळलं नसतं.

राग मानू नका, पण सहा आठवडे फक्त रविवारी अकरालाच जायचं, यात बागेची काय चूक?

वैशाली_त्रिमूर्तीनगर
मी नोकरी करते, दोन लेकरं आहेत, आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. रविवार अकरा ही वेळ केंद्राने दिली होती, मी निवडली नव्हती. न सांगता आलेलं चालेल का, हा प्रश्न तुमच्या 10 मुद्द्यांत कुठे आहे? आणि तुमचा कॅमेरा तीन तास चालूच होता न. आई पडलेली त्यात दिसत होती. पाहायला कोणी नव्हतं.

महालचे_काका
मी सत्त्याहत्तर वर्षांचा. वाचून डोकं तापलं म्हणून लिहून राहिलो. आईबापाले बाहेर ठेवायचंच काहून? आमच्या वाड्यात आजी नऊ वर्षं खाटेवर होती. माझी माय, दोन काकू, आत्या, सगळ्या मिळून करत. अंगावर एक फोड नाही आला. बाग पाहा नाहीतर टाचा पाहा, पैसे देऊन माया भेटत नसते बाप्पा. सरकारने 2007 साली कायदा उगाच नाही केला. आईबापाले टाकून देणाऱ्याले तीन महिन्यांपर्यंत कैद आहे त्यात.

रश्मी_मनीषनगर
काका, "सगळ्या मिळून" म्हणता, मोजा न त्या किती होत्या. चार. मी एकटी आहे. सासूबाईंचं चार वर्षं घरी केलं. उचलता उचलता माझी कंबर गेली, मणक्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्यांना केंद्रात ठेवलं. नवरा महिन्याचे वीस दिवस फिरतीवर. कायद्यातलं ते कलम टाकून देण्याबद्दल आहे. मी टाकलेलं नाही, एक दिवसाआड जाते. आणि त्या नऊ वर्षांत आजीचं लुगडं तुम्ही किती वेळा बदललं, तेही लिहा.

महालचे_काका
नाही बदललं. पुरुषांले करू देत नसत तेव्हा.

सुनंदा_सिस्टर
जीएनएम, म्हणजे शिकलेली नर्स आहे. आधी हॉस्पिटल, आता 11 वर्षं अशा केंद्रांत. वैशालीताई, तक्ता आधी भरून ठेवणं हा गुन्हाच आहे, त्याचं समर्थन करत नाही. पण तो काहून भरला जातो ते ऐका. मी होते तिथे रात्री 22 पलंगांना 2 मावशी. सत्तर किलोच्या लकव्याच्या माणसाची कूस एकटीने बदलता येत नाही. ओढलं तर चादरीवर कातडी घासते आणि जखम त्यानेच होते. म्हणजे दोघी एका पलंगाशी. कूस, डायपर, पाणी, सगळं मिळून दहा मिनिटं धरा. 22 पलंगांची 220 मिनिटं झाली. दोन तासांत असतात 120. सकाळी सुपरवायझर रकाने बघतो, पाठ बघत नाही. मग मावशी रकाने भरते.

ती मावशी कोण? ब्युरोकडून, म्हणजे कामाला बाया पुरवणाऱ्या एजन्सीकडून आलेली, 12 तासांची पाळी, पारडीहून दोन ऑटो बदलून. तुम्ही भरता त्यातला वाटा आधी ब्युरो कापतो. सुट्टी घेतली की पैसे गेले. दुसरीकडे पाचशे जास्त मिळाले की ती निघून जाते. दर महिन्याला बाई बदलत असेल तर बाबांना पेला कोणत्या हाताला द्यायचा हे नवीला कोण सांगणार? केंद्र पाहायला जाल तेव्हा मालकाशी बोलणं झाल्यावर मावशीला बाजूला विचारा, किती दिवसांपासून आहेस इथे.

आणि नातेवाइकांना एक सांगायचं आहे. आयसीयूतून येतानाच बेडसोर घेऊन आलेले कितीतरी पेशंट मी पाहिले, बोलणी मात्र आम्ही खाल्ली. दाखल करतानाच नातेवाईक आणि केंद्र, दोघांच्या समोर पाठ बघा आणि तारखेसकट फोटो काढा.

केंद्रचालक_काटोलरोड
माझं 14 पलंगांचं केंद्र आहे. सिस्टर, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. रात्री माणसं वाढवायला मी आज तयार आहे. पण महिन्याला दोन हजार वाढवतो म्हटलं की नातेवाईक उठून दुसऱ्या केंद्रात जातात. डायपरचं बिल पाहून फोन न उचलणारी मुलं मी रोज बघतो. एकाने सहा महिन्यांपासून पैसे दिलेले नाहीत, नंबर बदलला, त्याचे वडील आजही माझ्याकडे जेवतात. त्यांना रस्त्यावर ठेवू का?

सुनंदा_सिस्टर
रस्त्यावर ठेवा असं कोणी म्हटलेलं नाही. मावशीच्या हातात महिन्याला किती पडतात, ते लिहा.

केंद्रचालक_काटोलरोड
पैसे मी ब्युरोला देतो. हिशोब ब्युरोकडे असतो.

सुनंदा_सिस्टर
ब्युरोचं विचारलं नाही. तिच्या हातात किती पडतात?

केंद्रचालक_काटोलरोड
मला माहीत नाही.

रश्मी_मनीषनगर
तुमच्या पेशंटला उचलणाऱ्या बाईला किती मिळतात हे तुम्हाला माहीत नाही, आणि बोलून राहिले नातेवाइकांना! आम्ही घासाघीस करतो कारण पैसा कुठे जातो ते कोणी सांगत नाही. मावशीला जातो असं कळलं तर मी दोन हजार जास्त देईन.

केंद्रचालक_काटोलरोड
बोलणं सोपं आहे ताई. चालवून दाखवा.

तुषार_मानकापूर
मावशींच्या पगारावरून मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. माझी बहीण न्यू जर्सीत आहे. अमेरिकेत 2008 पासून सरकार नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय सापडलं, कर्मचारी किती, पेशंटची तब्येत कशी, सगळं घरबसल्या कळतं. आपल्याकडे असं काही नाही तोवर माणूस बागच पाहणार.

वकील_सिव्हिललाइन्स
त्या ताऱ्यांचंही पूर्ण सांगा. कर्मचाऱ्यांचा आकडा बरीच वर्षं नर्सिंग होमच कळवायचे. 2018 पासून तो पगाराच्या नोंदींवरून धरतात. स्वतःच भरलेल्या तक्त्यावर किती विश्वास ठेवायचा, हा वैशालीताईंचा प्रश्न तिथेही होताच.

आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. 2007 च्या कायद्यात वृद्धाश्रमांचं कलम आहे ते निराधारांसाठी, जिल्ह्यात किमान एक, 150 जणांची सोय. पैसे भरून ठेवणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. पण महाराष्ट्राचा नर्सिंग होम नोंदणीचा 1949 चा कायदा आहे. त्याच्या व्याख्येत आजार आणि इजेबरोबर अशक्तपणाही आहे, अशा माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा. नाकातली नळी, लघवीची नळी, ड्रेसिंग हे सगळं करायचं आणि "आम्ही फक्त वृद्धाश्रम" म्हणायचं, हे माझ्या मते चालू नये. शहरात ही नोंदणी महापालिकेकडे असते. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. आणि हेळसांड दिसली तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

केंद्रचालक_काटोलरोड
माझी नोंदणी आहे. आणि ब्युरोला आज विचारतो मावशीचं. इथे लिहीनच असं नाही.

मनोज_बेसा
कॅमेरा यादीतून काढणार नाही. पण रात्री पडद्यासमोर कोण बसतं, हे त्यापुढे लिहितो. बाग आणि सणवार काढले. न सांगता येऊ देतात का, मावशी किती दिवसांपासून आहे, रात्री किती माणसं, हे तीन सर्वांत वर टाकले. टाचांचा मुद्दा दाखल केल्यानंतरचा आहे, तो वेगळा लिहितो, तिथे मी तुमचं पूर्ण मान्य केलेलं नाही. रविवारचं जे बोललो ते मागे घेतो. बाबांची जखम कशी आहे?

वैशाली_त्रिमूर्तीनगर
घरी आणलंय. ड्रेसिंग एक दिवसाआड. डॉक्टर म्हणतात भरायला महिने लागतील. रात्रीसाठी ब्युरोची बाई ठेवली आहे, आतापर्यंत दोघी बदलल्या. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय, "पाणी डावीकडे". एअर बेड भाड्याने शोधते आहे, दोन दुकानांत संपलेत.

महालचे_काका
भाड्याने नको घेऊ. माझ्याकडे आहे, बायकोच्या वेळेस घेतला होता. दोन वर्षं तिचं मी केलं, लुगडं बदलायलाही तेव्हाच शिकलो. पंप चालू आहे, नळी एका ठिकाणी चिरली आहे, ती बदलून घे. पत्ता मेसेजमध्ये टाकतो. चार वाजेनंतर ये, दुपारी मी झोपतो.