मदत हवी आहे: लेकीची ज्युनियर ऑनर सोसायटीत निवड नाही, दाद कुठे मागायची?

शमिका_टेक्सास
लेक सातवीत आहे. सगळ्या विषयांत ए, गणितात ९८. तरी काल शाळेची मेल आली की नॅशनल ज्युनियर ऑनर सोसायटीसाठी (इथल्या मिडल स्कूलमधली निवडक मुलांची संस्था) निवड झालेली नाही. कारण काहीच दिलेलं नाही. ऑफिसला फोन केला तर ते ॲडव्हायजरकडे, म्हणजे सोसायटी सांभाळणाऱ्या शिक्षकांकडे, बोट दाखवतात, आणि ॲडव्हायजर मेलला उत्तर देत नाहीत. समारंभ पुढच्या गुरुवारी आहे. पोरगी कालपासून धड जेवलेली नाही. अपील कुठे करायचं? राष्ट्रीय कार्यालयाला लिहू का? लवकर सांगा प्लीज.

उन्मेष
फॉर्म भरला होता का? त्यात समाजसेवेचे तास किती दाखवले? या शाळेत कधीपासून आहे?

काका_प्लेनो
थेट राष्ट्रीय कार्यालयाला पत्र टाका, प्रिन्सिपॉलला सीसी करा. वरून दट्ट्या आल्याशिवाय कोणी हलत नाही.

मृदुला_पी
काका, चुकीचा सल्ला आहे. मी एका मिडल स्कूलमध्ये शिकवते, निवड समितीवरही होते. प्रिन्सिपॉल पाच शिक्षकांची समिती नेमतात आणि ती बहुमताने ठरवते. प्रिन्सिपॉल स्वतः मत देत नाहीत, ॲडव्हायजरही नाही. राष्ट्रीय कार्यालय एकेका मुलाच्या निवडीत पडत नाही, तक्रार शाळेतच करायची असते. आणि नुसत्या मार्कांवर कोणालाच घेत नाहीत. अभ्यास, सेवा, नेतृत्व, चारित्र्य, नागरिकत्व, पाचही बघतात.

काका_प्लेनो
८५ टक्के पुरतात असं नियमात लिहिलंय. मग ९८वाली बाहेर कशी?

मृदुला_पी
८५ ही किमान अट. शाळा ती वाढवू शकते. आणि तेवढे मार्क असले की फक्त विचार होतो, प्रवेश नाही. पाचातल्या एकाच गोष्टीवर अडून कसं चालेल?

भटकी
मिडल स्कूलचं हे सगळं कॉलेजच्या अर्जात कोणी विचारत नाही. हायस्कूलमधली ऑनर सोसायटी वेगळी, तिथे पुन्हा नव्याने निवड होते. एवढं मनावर घेऊ नका.

शमिका_टेक्सास
कॉलेजचं मी विचारलंच नाही. उन्मेष, फॉर्म वेळेत दिला. तास मराठी शाळेत बालवर्गाला मदत केल्याचे आणि गणेशोत्सवात पंगतीत वाढल्याचे. सहीची पत्रं जोडली.

सदानंद
आमच्या वेळी चौथीची आणि सातवीची स्कॉलरशिप परीक्षा असायची. पेपर लिहा, यादीत नाव शोधा, विषय संपला. मध्ये काही वर्षं पाचवी-आठवीला झाली, पण पद्धत तीच. कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही.

काका_प्लेनो
शंभर टक्के सहमत!

रेवती_ह्यूस्टन
आमच्याकडे गणेशोत्सवाचे तास नाकारले, धार्मिक म्हणून. मराठी शाळेचे चालले. हे शाळेशाळेवर आहे, आधी विचारून घेतलेलं बरं.

उन्मेष
शमिकाताई, या शाळेत कधीपासून, ते राहिलंच.

शमिका_टेक्सास
जानेवारीत न्यू जर्सीहून आलो. त्याचा काय संबंध? तिथे सहावीत मे महिन्यात तिला घेतलंच होतं, सदस्याची पिनसुद्धा आहे तिच्याकडे. इथे काउन्सेलरने नवा फॉर्म हातात दिला, म्हणून भरला.

उन्मेष
अहो, सगळं यातच आहे! नव्या उमेदवाराला त्या शाळेत एक सत्र पूर्ण झालेलं लागतं. तिचं झालेलं नाही, बहुतेक त्यामुळेच अर्ज बाजूला पडला असणार. पण ती उमेदवार नाहीच, ती सदस्य आहे. जुन्या शाळेच्या प्रिन्सिपॉलचं किंवा ॲडव्हायजरचं पत्र नव्या ॲडव्हायजरला दिलं की सदस्यत्व आपोआप इकडे येतं. पुन्हा निवड नाही, मतदान नाही.

मृदुला_पी
बरोबर. फक्त इथली पातळी एका सत्रात गाठावी लागते, ९८वालीला ते जड नाही. पत्रात सदस्य झाल्याची तारीख लिहून घ्या. मेलच्या विषयात 'ट्रान्स्फर मेंबर' लिहा, 'अपील' नको. अपील वाचलं की लोक आधी बचावाला लागतात.

सदानंद
म्हणजे राज्य बदललं तरी चालतं? आमचा नातू जूनमध्ये ओहायोला जातोय, तोही सदस्य आहे.

मृदुला_पी
चालतं. निघण्याआधीच पत्र घेऊन ठेवा. सुट्टी लागल्यावर शिक्षक सापडत नाहीत.

शमिका_टेक्सास
हे मला शाळेत कोणीच का सांगितलं नाही? रेकॉर्ड तर जानेवारीतच पाठवले होते. जुन्या ॲडव्हायजरना आत्ता मेल टाकली, सकाळी फोनही करते. गुरुवारी तिला स्टेजवर बोलावतील का?

मृदुला_पी
ते इथल्या ॲडव्हायजरच्या हातात आहे. पत्र मंगळवारपर्यंत पोचवा, ईमेलवर बसून राहू नका. पिन आणि जुनं सर्टिफिकेट घेऊन शाळेत जाऊन भेटा.

काका_प्लेनो
आणि प्रिन्सिपॉलला सीसी कराच.